साडेसात हातांवरचा अडथळा

१५ सप्टेंबर, सोमवार

अकरा मिनिटं! भीमाबाईची तुंबलेली मोरी त्या नव्या केशवनं मशीन लावून अकरा मिनिटांत मोकळी केली. मी काही वेळ मोजायला बसलो नव्हतो — समोरच्या ओट्यावर चहा पीत होतो आणि तिच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, एवढंच.

मशीन लाल आहे. बटण दाबलं की स्प्रिंग फिरत फिरत आपोआप पाइपात जाते. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची असावी. एक बेअरिंग कोरडं पडलंय, आवाजावरून सांगतो. चोवीस वर्षं नागपूरच्या महाल भागात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतोय, मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी फसवूही शकत नाही. निघालं काय, तर केसांचा गुंता. केसांसाठी मशीन! बांबूच्या कामटीला टोकाशी उलट्या खाचा पाडल्या की तेच काम होतं. पण कामटी आवाज करत नाही. तिच्याभोवती बाया जमत नाहीत.

भीमाबाई तिथूनच ओरडली, "धम्मा, पाह्य ना गा, कसं सरसर चाललं पाणी! तू तं अर्धा दिवस माही मोरी अडवून बसत होता."

अर्धा दिवस एकदाच लागला होता. तेव्हा आत साबणाची अख्खी वडी होती! ते नाही सांगत ती.

१६ सप्टेंबर

सरितानं आज तिसऱ्यांदा केशवचं नाव घेतलं. वांगी चिरता चिरता. माझ्याच बायकोनं!

१८ सप्टेंबर, गुरुवार

केशव दुकानात आला. मशीन घेऊन!

"भाऊ, आवाज करून राहिली थोडी."

"बेअरिंग," मी म्हणालो. उघडायच्या आधीच. खोललं तर बेअरिंगच निघालं. त्याच्या चेहऱ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही, पण दिसला.

काम थातूरमातूर करून द्यावं असं मनात आलं होतं. लिहायला लाज वाटते, पण आलं होतं. हातांनी ऐकलं नाही. नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं, कार्बन ब्रशही घासून दिले. मोटरचं एक सुटलेलं टोक त्याच्यासमोरच माझ्या पद्धतीनं वेढे घालून बांधलं, शेवटचा वेढा आत दुमडून. आता ते मशीन माझ्यामुळे आणखी चांगलं चालेल. वा रे मी!

मग तो स्टुलावर बसला. वय असेल चौतिशीचं. आयटीआय केलेलं, दाढी कोरलेली. वस्तीत राहायला येऊन पुरतं वर्ष नाही झालं. म्हणाला, "भाऊ, तुम्ही म्हणे नाली पाहूनच पद्धत ठरवता. सांगा ना मले."

सांगायला नको होतं. पण असं कोणी कधी विचारतच नाही! सगळं सांगून बसलो. की आधी नाली पाहायची नाही, घरच्या बाईला विचारायचं — आत काय गेलं? केस असतील तर ओढून काढायचे, ढकलायचे नाहीत. भाताची पेज असेल तर गरम पाणी आणि सबुरी, दोन-तीन खेपा. तेल-तूप थिजलं असेल तर कामटीनं खरवडायचं, वरून साबणाचं गरम पाणी. आणि तेलकट पाइपात ती नाली साफ करायची बाजारातली कॉस्टिकची पुडी कधीच टाकायची नाही. तेल आणि पुडी मिळून आत साबण होतो, आणि तो थंड झाला की दगड. ॲसिडची बाटली तर घरातच आणायची नाही.

त्यानं मोबाइलवर लिहून घेतलं. "भल्लं काम आहे भाऊ तुमचं," म्हणाला.

माझं ज्ञान त्याच्या खिशात गेलं. त्याचं मशीन काही माझ्याकडे आलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीची मीटिंग झाली. मी गेलो नव्हतो, मी जात नाही. आई गेली, तिचं पुण्यानुमोदन झालं, त्यानंतर, २०१७ पासून, तिथे बसलो नाही. बसून काय होतं? मात्र दसऱ्याच्या आधी स्वयंपाकघराची नाली मोकळी करायला दरवर्षी मीच जातो. दरवर्षी ती तुंबते, दरवर्षी कमिटीचे नानाजी निरोप पाठवतात. दीक्षाभूमीला आलेली माणसं दोन दिवस आमच्या विहारात जेवतात. हजार-बाराशे ताटं. ती नाली चालली नाही तर खरकटं पाणी पाहुण्यांच्या पंगतीत येतं. वस्तीत एवढा मान मला दुसऱ्या कशानं मिळत नाही, हेही लिहून टाकतो.

सरिता गेली होती मीटिंगला. भाकरी थापता थापता सांगितलं तिनं, माझ्याकडे न पाहता.

"या वर्षी केशवले सांगा म्हणत होते लोकं."

"कोण लोकं?"

"लोकं म्हणजे लोकं. भीमाबाई म्हणे, त्याच्याजवळ कॅमेरा आहे, आतमधलं टीव्हीसारखं दिसते."

"आणि नानाजी?"

"ते म्हणे, आधी धम्मानंदले विचारा."

"मग विचारलं का नाही कोणी?"

"आता मी विचारून राहिली ना!"

"आणि तू काय म्हणाली तिथं?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी म्हटलं, यांचे गुडघे दुखतात आता."

गुडघे! सगळ्या कमिटीसमोर माझे गुडघे!

२४ सप्टेंबर, बुधवार

आज जे केलं ते नीट लिहायचं आहे.

दुपारी दोनला विहारात गेलो. कोणी नव्हतं. ठरवलं होतं की केशवला बोलावण्याआधीच नाली मोकळी करून ठेवायची. मग पाहू दे त्याला कॅमेऱ्यात काय पाहायचं ते.

पाणी तुंबलेलंच होतं. कामटी घातली. साडेसात हातांवर अडली. दरवर्षी तिथेच अडते. तासभर खरवडलं. पाणी दोन बोटं उतरलं आणि थांबलं. गुडघे खरंच दुखत होते! आणि डोक्यात एकच — अकरा मिनिटं, अकरा मिनिटं.

चौकातल्या दुकानातून पुड्या आणल्या. दोन. त्याच पुड्या, ज्या टाकू नका म्हणून सहा दिवसांपूर्वी त्याला सांगितलं. दोन्ही ओतल्या, वरून पातेलंभर उकळतं पाणी. फेस आला, वाफ आली, आत गुडगुड झालं, पाणी झरझर खाली गेलं. मी एकटाच टाळी वाजवून बसलो.

कुलूप लावून घरी आलो. सरिताला सांगितलं, "झालं विहाराचं काम." ती म्हणाली, "गुडघे?" मी म्हणालो, "कोणते गुडघे?"

२५ सप्टेंबर

दगड.

पाण्याचा थेंब जात नाही. कामटी टकटक वाजते आतमध्ये. भीमाबाईनं सगळ्या बायांसमोर विचारलं, "काय टाकलं गा याच्यात? काहून टाकलं?" मी म्हणालो, पाइप जुना आहे.

पंगतीला सहा दिवस उरले. नानाजींनी केशवला फोन लावला. माझ्यासमोर. आवाजही खाली केला नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी नऊला केशव आला. मी जाणार नव्हतो. साडेआठलाच जाऊन उभा राहिलो.

त्यानं आधी भीमाबाईला विचारलं, "आजी, याच्यात काय काय जाते?" माझाच प्रश्न! माझ्याच पद्धतीनं! मग पेज, तेल, वरण ऐकून घेतलं. मशीन लावलंच नाही. कामटी मागितली. माझी. टोकाला पत्रा बांधून हळूहळू तो दगड फोडला, तुकडे ओढून काढले, मधून मधून गरम पाणी. दोन तास दहा मिनिटं. मी असतो तर असंच केलं असतं. डोकं ठिकाणावर असतं, तर.

मग कॅमेरा आत सोडला. नानाजी, भीमाबाई, मी, सगळे त्या वितभर पडद्याकडे बघत होतो. एक हात, तीन हात, सहा. साडेसात हातांवर सांध्यात काहीतरी आडवं रुतलेलं. काळं, त्यावर चरबीचा गोळा. केशवनं कॅमेरा जवळ नेला.

तार. टोकाला आकडा. आकड्यावर तांब्याची वाइंडिंग, सात वेढे, शेवटचा आत दुमडलेला.

तसा वेढा नागपुरात मी एकटा दुमडतो.

२०१८ ला, कामटीऐवजी आकड्याची तार वापरायचो तेव्हा, या नालीतून माझी तार हातभर आखूड बाहेर आली होती. मी सगळं लिहून ठेवतो, ते लिहिलं नव्हतं. वाहून गेली असेल म्हणालो स्वतःला. गेली नव्हती. सात वर्षं तिथेच बसून चरबी आणि भात धरत होती. म्हणजे सात वर्षं मीच नाली तुंबवत होतो, आणि मीच येऊन मोकळी करत होतो, आणि मान घेत होतो!

केशवनं पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अर्धा क्षण. त्याच्या मशीनच्या मोटरमध्ये त्यानं माझे वेढे पाहिलेत.

"काय हाये गा ते?" भीमाबाई.

"जुनं बांधकामाचं सामान हाये आजी," केशव म्हणाला. "मिस्त्रीनं सोडलं असंन. काढतो आता."

२७ सप्टेंबर

त्याचं मशीन डोळ्यांत खुपत होतं, ते परवडलं. हा चांगुलपणा कुठे ठेवू?

त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर मी त्याचा द्वेष तरी केला असता मनापासून.

२८ सप्टेंबर, रविवार

तार आणून दिली त्यानं दुकानात. पेपरात गुंडाळून. काउंटरवर ठेवली.

"भाऊ, कोणाले सांगितलं नाही मी."

"मी म्हटलं होतं का सांगू नको म्हणून?"

तो हसला. "नाही, पण तुम्ही मले नालीचं सगळं सांगितलं. एवढं कोणी सांगत नाही."

चहा मागवला त्याच्यासाठी. तो बशीत ओतून प्यायला, मोठ्यानं फुरके मारत. तेवढंच बरं वाटलं. याला चहा पिता येत नाही.

तो गेल्यावर तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. वाइंडिंग शाबूत आहे. गंजून तुटली ती तार, माझे वेढे नाही तुटले. हे कोणाला दाखवणार?

२ ऑक्टोबर, गुरुवार

पंगत झाली. आज दसरा, दुसरा दिवस. मी फाटकाबाहेर उभा होतो, आत गेलो नाही. नालीचं पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये पडताना ऐकू येत होतं. सलग, जाडसर धार. अडखळत नाही कुठे. असा आवाज मी तिथे कधीच ऐकला नव्हता.

भीमाबाई आतून आली, हातात ताट. "जेव ना गा, उभा काहून?" मग मागे वळून कोणाला तरी म्हणाली, "केशवनं भल्लं काम केलं बाप्पा यंदा. एकडाव नाही तुंबली."

मी ताट हातात धरून तसाच उभा राहिलो. सरितानं ते ताट माझ्या हातातून घेतलं आणि पाणी दिलं. गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

४ ऑक्टोबर

हे असं पोटात घेऊन दुकानात बसवत नाही. आज एका मोटरचे वेढे दोनदा चुकलो. मी!

उद्या नानाजींना सांगणार. केशवनं झाकलं म्हणून मी झाकून घ्यायचं, तर मग वस्तीतला शहाणा तोच ठरला की.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. विहाराच्या पायरीवर, उभ्यानंच. ती तार माझी होती, सात वर्षांपासून, आणि पुड्याही मीच टाकल्या.

नानाजी सुपारी कातरत राहिले. म्हणाले, "तार तुटली तवा मी याच पायरीवर बसलो होतो गा. तुह्या हातात आखूड आली, मले दिसली."

"मग बोलले काहून नाही?"

"तुही माय गेल्यावर तू येणं सोडलं. म्हटलं, राहू दे आतमध्ये. त्या बहाण्यानं वर्षातून एकडाव तं येते."