पटवलेली ओळख

१२ फेब्रुवारी, बुधवार
हे अजून आले नाहीत. सकाळी गोरेगावला मित्राकडे जातो म्हणून निघाले, मोबाईल घरीच विसरले. मित्र म्हणतो, आलेच नाहीत. सुयोग पोलीस स्टेशनला तक्रार देऊन आला.

१३ फेब्रुवारी
नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार
नाल्यात बॉडी मिळाली म्हणून पोलिसांनी बोलावलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता. शर्ट तसाच — निळ्या चौकटीचा. पण हात बघितले आणि मी म्हटलं, "हे हात यांचे नाहीत."

साहेब तरुण, दमलेले. म्हणाले, "मावशी, पाण्यात राहिलं की हात असेच होतात. सही करा."

सुयोगही म्हणाला, आई, शर्ट बाबांचाच आहे. पोराला मला तिथून बाहेर काढायचं होतं. केली सही. संध्याकाळी सगळं उरकलं.

१८ फेब्रुवारी
माणसं येतात, बसतात, जातात. चहा करून करून हात दुखले. सुयोगला पुन्हा म्हटलं, ते हात — तर म्हणाला, "आई, बस कर ना आता." बेपत्ता म्हणून रिक्षा स्टँडवर लावलेले यांचे फोटो त्याने स्वतः काढून आणले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
तेरावं झालं. यांच्या आवडीची काळ्या वाटाण्याची उसळ केली. गावाहून दीर आले होते. "वयनी, सुटलो तो," म्हणाले. मी त्यांना उसळ वाढली.

९ मार्च, रविवार
तेच साहेब घरी आले. बसले नाहीत. मुलुंडच्या एका बाईंचा नवराही तेव्हापासून बेपत्ता होता. बॉडीचा काढून ठेवलेला नमुना त्यांच्या मुलीशी जुळला. आम्ही जाळला तो त्यांचा माणूस. "चूक झाली," एवढंच म्हणाले. मग हे कुठे आहेत? बघतो म्हणाले.

सुयोग मोरीत जाऊन रडला. मला मात्र भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. असतील कुठेतरी!

११ मार्च
मुलुंडच्या विमलाबाई आल्या. वाटलं, भांडतील. त्यांनी विचारलं, "अग्नी कोणी दिला?" सुयोग पुढे झाला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. अस्थी मागत होत्या. त्या आम्ही गावच्या खाडीत सोडलेल्या. काय देणार त्यांना?

१४ मार्च, शुक्रवार
सापडले. हॉस्पिटलच्या शवागारात, बेवारस म्हणून ठेवलेले. बाराला सकाळीच गाडीने उडवलं होतं. आमची तक्रार मिटली म्हणून कोणी ताडून बघितलंच नाही.

वॉर्डातली सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, वाचा गेली होती, पण शुद्धीवर होते, कोणी आलं की दाराकडे बघायचे. गेले सत्तावीस फेब्रुवारीला.

सुयोग तेव्हा खाली सह्या करत होता. तारीख त्याने कागदावर वाचली असेल. दाराचं त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.