दादाला द्यायची किडनी

३ मार्च
दादाला किडनी मी देणार. सगळ्यांसमोर डिक्लेअर केलं. वहिनी रडली. दादा डायलिसिसहून येऊन आडवा पडला होता. रक्तगट एकच. मला ना बीपी, ना शुगर. कापड कापायच्या टेबलावर वाकून वाकून पाठीचा भुगा झालाय, पण पाठ कुठे कुणी मागितलीय?

७ मार्च
आजपासून तब्येत जपायची. पहाटे चालायला गेलो. पाठ धरली. नेहमीची गोळी घेतली. तिने पोटात जळजळ, म्हणून ॲसिडिटीची घेतली. जपणं ते हेच.

१२ मार्च
डॉक्टरबाईंनी विचारलं, रोज काही औषध घेता का. छातीठोकपणे नाही म्हणालो. ही शेजारी बसून खाकरली. बाहेर आल्यावर म्हणाली, मग वर्षानुवर्षं उठता-बसता खाता ते काय? समजावलं की औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते. पाठीची गोळी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. हिला साधा फरक कळत नाही.

१३ मार्च
तपासणीला रक्त दिलं. दंड ठणकतोय. गोळी घेतली.

१८ मार्च, सकाळ
रिपोर्ट आला. क्रिएटिनिन वाढलेलं आहे. म्हटलं चला, दादाला देऊनही उरेल.

दुपार
उलटं असतं म्हणे. वाढलं म्हणजे किडनी नीट गाळत नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, पेनकिलर? मी छताकडे बघितलं. हिने पर्समधून दोन्ही गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. बाई म्हणाल्या, "तुमची किडनी घेता येणार नाही. या गोळ्या आजच बंद करा. आता तुमचीच सांभाळायची आहे."

१९ मार्च
दादाला सांगायला जायचं होतं. दुकानात काम फार. उद्या नक्की.

२० मार्च
आजही काम.

२४ मार्च
गेलो. बोलायचं ते पाठ केलं होतं, पण हिने आधीच सांगितलं होतं. वहिनी आतून बाहेर आलीच नाही. मी कमरेवर हात ठेवून कसाबसा खुर्चीत टेकलो.

दादा म्हणाला, "दुखतंय का रे?"

गोळ्या बंद केल्यात म्हणालो. तो हळूहळू उठला, कपाटातून मलम काढलं, मला पालथं झोपवलं आणि माझी पाठ चोळू लागला. सुया टोचून टोचून त्याचा हात सुजलाय. मला नको म्हणवेना.