पिल्लाच्या नडगीवरची गाठ

९ ऑगस्ट, नेमेग्त, गोबीचं वाळवंट
पिल्लू सापडलं! तारबोसॉरस या शिकारी डायनोसॉरचं, दोनेक वर्षांचं. जबडा अरुंद, दात सुरीसारखे पातळ — सरडे, बारकी जनावरं मारून खाणारं. मी म्हणत होते तेच. ही पिल्लं आईवाचून शिकार शिकायची.
आमचा ड्रायव्हर चोइजिल गाडीखालूनच म्हणाला, "ताई, आता तरी त्या म्हाताऱ्याला सुखानं मरू दे."

१० ऑगस्ट
म्हातारा म्हणजे बाग्श दाम्बा. माझे गुरू; बाग्श म्हणजे इकडे गुरुजी. हाड हातात कसं धरायचं, तेही त्यांनीच शिकवलं. त्यांचं म्हणणं — आई पिल्लांना भरवायची, शिकारीला बरोबर न्यायची. मी लेख लिहून ते खोडून काढलं. भर सभेत लोक त्यांना हसले. सहा वर्षं झाली, आमचं बोलणं नाही.

१४ ऑगस्ट
वारा. काम बंद.

१६ ऑगस्ट
पिल्लाची नडगी मोकळी केली. मधोमध अंड्याएवढी गाठ. मोडून सांधलेलं हाड दिसतंय. असा पाय घेऊन ते कित्येक महिने धावलं नसणार. मग खायला कोण आणून घालत होतं?
जेवण गेलं नाही.
चोइजिल म्हणाला, "स्कॅन झाल्याशिवाय तोंड उघडू नकोस."

२१ ऑगस्ट, उलानबातर
बाग्शांची मुलगी नोमिन हिचा फोन — बाबा आता फार दिवस काढत नाहीत. नडगी घेऊन तशीच दवाखान्यात गेले. त्यांचं बोट धरून गाठीवर ठेवलं. डोळे मिटूनच ते फिरवत राहिले.
"मोडला होता?"
"हो, बाग्श. मोडून सांधलाय. आईनं पोसलं त्याला. तुमचंच खरं होतं."
"स्कॅन केलंस?"
"केलं," मी म्हणाले.
त्यांनी गाठीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "नोमिन, हिला चहा दे. पोर वाळलीय पार."
स्कॅनचा नंबर अजून लागायचाय.

२४ ऑगस्ट
बाग्श गेले. नोमिन सांगत होती, तीन दिवस येईल त्याला पिल्लाची गोष्ट ऐकवत होते. नर्सलासुद्धा.

२ सप्टेंबर
सकाळी नोमिन त्यांची छिन्नी देऊन गेली. "तुलाच द्यायला सांगितली होती."
दुपारी स्कॅन आलं. गाठ आजाराची, शेवटच्या काही आठवड्यांतली. हाड कधी मोडलंच नव्हतं.