वाढत्या अंगाचा गाऊन

मालकीणबाईंना दूरच्या शिंप्याचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "कॉलेज नको, मी नोकरी धरते, आजोबांना घरी बोलव," असं नात म्हणाली म्हणे. तिला सांग, आजोबा मजेत आहेत. डोळेही ठीक. सुईत दोरा तेवढा शेजारच्या मशीनवरची बाई ओवून देते. तुझे गुडघे कसे आहेत?

सध्या कारखान्यात पदवीदानाचे काळे गाऊन शिवतोय. परवा एकाला सवयीने खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं. सुपरवायझर ओरडला, "आजोबा, पदवी घेणारी माणसं आता काय उंच होणार?" सगळे हसले. मीही हसलो.

पण हातांना काय कळणार? नातीचा प्रत्येक गणवेश मी असाच वाढत्या अंगाचा शिवला आणि दरवर्षी तू दुमड उसवून तो लांब केलास.

तिच्या फीसाठी आपण साठवलंय त्याला हात लावू नकोस. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठीही नाही.

आणि तिला म्हणावं, आजोबांनी कापड सोडून ठेवलंय, तू इतक्यात वाढायची थांबू नकोस.

तुझाच,
घरचा शिंपी