चार वाजताची हजेरी

सोलापूर, पौष शुद्ध पंचमी

तीर्थरूप आईच्या पायांवर येडूचं डोकं.

मी खुशाल आहे. मिलचं काम बरं चाललंय. तिकडं हुरडा सुरू झाला का?

आमचे घरमालक, फारसीचे पेन्शनर प्रोफेसर बंदेनवाजसाहेब, मागल्या शुक्रवारी वारले. रोज चारला ओसरीवर बसून ते प्लेगात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची हजेरी घ्यायचे. सगळ्यांच्या वतीनं मीच "हजर" म्हणायचो, मग खूश होऊन मला खजूर द्यायचे. माझं नाव त्यांनी कधी पुकारलं नाही.

काल चारला रिकाम्या ओसरीवरून माझ्या नावाची हाक आली. "एका हाकंला ओ देऊ नगं, मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं," असं तू सांगायचीस. पण सवयीनं तोंडातून "हजर" निघून गेलं.

दुसरी हाक आलीच नाही.

तू काळजी करू नकोस. फक्त थोरल्या आण्णाला लवकर पाठव, आणि दारात दोनदा हाक मारायला सांग.

तुझा येडू