उबेची बाजू

आबा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. मी आज जिथे लिहायला बसले आहे ती जागा तुम्ही पाहिली असती, तर आधी दाराच्या कडेवरून हात फिरवून फट आहे का ते बघितलं असतं आणि मग माझ्याकडे वळला असता. परसातली लाकडी खोली आहे, आठ पावलं लांब आणि सहा पावलं रुंद. इथे तिला शेड म्हणतात. ह्यांनी तिच्यात गवत कापायचं मशीन, बर्फ ओढायची फावडी आणि रंगाचे अर्धे डबे ठेवले होते. हे गेल्याला येत्या चैत्रात दोन वर्षं होतील. बाहेर गुडघाभर बर्फ पडला आहे. आपल्या कारखान्यातल्या बर्फाच्या लादीसारखा नाही, पिठासारखा. इथे परदेशात, नेपरव्हिलला तो कुणी विकत घेत नाही, उलट उचलून फेकायला माणसं लावतात. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही विडी बाजूला धरून मला पुन्हा एकदा सांगायला लावलं असतं.

मला अजून मनातल्या मनात वाचता येत नाही. ही सवय तुमचीच. आई गेली आणि चौथीत माझी शाळा सुटली. धाकट्यांचं आवरून मी दुपारी तुमचा डबा घेऊन बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यायची. किरकोळ बर्फ गुंडाळून द्यायला तिथे रद्दीचा ढीग असायचा. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणून तुम्ही जेवताना म्हणायचात, बघ त्या कागदात काय लिहिलंय. मी वाचायची. शेजारी मशीन धडधडत असायचं, त्याच्या वरताण आवाज काढावा लागायचा. गोष्ट असली की तुमचा घास हातातच राहायचा. पुढचा भाग दुसऱ्या कुठल्या तरी रद्दीत गेलेला असायचा, तो कधीच सापडायचा नाही. तुम्ही विचारायचात, "पुढं काय झालं?" मी म्हणायची, कागद संपला. मग डबा धुता धुता तुम्हीच पुढची गोष्ट करून सांगायचात आणि तिच्यात शेवटी कुणीतरी हमखास मासे आणायचं. माझं शिक्षण एवढंच. बाकीचं मी नंतर पुस्तकं घेऊन, अडखळत, मोठ्याने वाचून केलं. लग्नानंतर हे ऐकायचे. डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि मी थांबले की एक डोळा उघडायचे.

आता मुलगा आणि सून दोघंही घरूनच काम करतात. दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत त्यांच्या मीटिंगा चाललेल्या असतात. हे असताना आम्ही दुपारी परसात किंवा गाडीत जाऊन बसायचो. हे गेल्यावर मी एकदा स्वयंपाकघरात वाचायला लागले, तर सुनेच्या मीटिंगमधल्या कुणीतरी विचारलं की मागे कोण भांडतंय. सून नागपूरची, तोंडाची फटकळ पण मनाची फार मोकळी. तिने मला ते हसत हसत सांगितलं. मीही हसले आणि पुस्तक मिटलं. उन्हाळ्यात या शेडमध्ये खुर्ची टाकून वाचलं. थंडी आली तशी शेड बंद झाली. गेला आख्खा हिवाळा मी एक ओळ वाचली नाही, आबा. मार्चमध्ये एकदा दारावर कुणी आलं आणि मला "येते" म्हणायचं होतं, तर घशातून आवाजच फुटेना. तेव्हा मी घाबरले. माणूस गेल्याचं दुःख मला रोज असतं, ते कुठे जात नाही, त्याच्याबरोबर राहता येतं. पण आवाजही गेला तर माझ्याजवळ काय उरेल, ते मला कळेना.

म्हणून सप्टेंबरात मुलाला सांगितलं, मला ती शेड हिवाळ्याला चालेल अशी करून दे. तो म्हणाला, आई, बेसमेंट आहे की. बेसमेंटच्या डोक्यावर त्याचीच मीटिंग असते हे मी त्याला दाखवून दिलं. मग तो कबूल झाला, पण अट घातली. नोव्हेंबरअखेर इथे थॅंक्सगिव्हिंगचा सण असतो, तोपर्यंत खोली गरम आणि कोरडी झाली तर ठीक, नाहीतर पुस्तकं खोक्यांत भरून खाली न्यायची आणि शेडला एप्रिलपर्यंत कुलूप. सून म्हणाली, "आई, लोक म्हणतील सुनेनं सासूला फावड्यांच्या खोलीत ठेवलं." मी म्हटलं, फावडी तुझ्या खोलीत ठेवू, मग फिटंफाट.

मला वाटलं होतं, हे काम मला येतं. बर्फ साठवायची तुमची शीतखोली मी किती वर्षं पाहिली होती. दुहेरी भिंत, मध्ये ठासून भरलेला लाकडाचा भुसा, आणि भुशाच्या बाहेरच्या अंगाला डांबराचा कागद. तुम्ही दर पावसाळ्याआधी तो कागद बोटांनी चाचपून बघायचात. भुसा ओला झाला की भिंत मेली, असं म्हणायचात. इथे भुशाऐवजी काचेचा कापूस मिळतो, पिवळा, गाद्यांसारखा. हातमोजे घालून भरावा लागतो, तरी मनगटं खाजतात. डांबराच्या कागदाऐवजी जाड प्लास्टिक. मुलगा म्हणाला, आई, मी व्हिडिओ बघितलाय, प्लास्टिक आतल्या बाजूला लावतात. मी म्हटलं, माझ्या बापाने जन्मभर बर्फ राखला, तू मला शिकवू नकोस. त्याने हातोडा उचलला. आम्ही आधी बाहेरच्या फळ्यांना लागून प्लास्टिक ठोकलं, मग कापूस भरला, वरून प्लायवूड. दाराला रबराची पट्टी लावली. तुम्ही दाराच्या सांध्यापाशी विडी धरून धूर कुठे वळतो ते बघायचात. मी उदबत्ती घेऊन चारी कडांनी फिरले. धूर सरळ वर गेला. मला इतका आनंद झाला की तिथेच एक पान मोठ्याने वाचून काढलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कडक थंडी पडली. हीटर चालू, किटलीत चहा, मी आत वाचते आहे. पाच-सहा दिवसांनी कोंदट वास यायला लागला. ह्यांचं आवडतं पुस्तक उत्तरेच्या भिंतीला टेकून होतं, ते काढलं तर पानं फुगून लाटेसारखी झालेली. मुलाने एक प्लायवूड उघडलं. आत कापूस भिजून खाली बसला होता आणि प्लास्टिकवर बर्फाचे कण चमकत होते. माझ्या श्वासाची वाफ, चहाची वाफ, सगळी कापसातून आरपार जाऊन त्या थंडगार प्लास्टिकला धडकली होती. भिंत मेली होती आणि ती मी मारली होती. मुलगा दुसरं प्लायवूड उघडायला लागला. सून दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही स्वेटर उलटा घातलाय हिला."

मी त्या ओल्या कापसाला हात लावून उभी राहिले आणि तुमची शीतखोली डोळ्यांसमोर आली. बाहेर मे महिन्याची कोकणातली उकाड्याची हवा, घामेजलेली. आत बर्फ. तुम्ही कागद बाहेर लावत होतात कारण ऊब बाहेर होती. तुम्ही थंडी सांभाळत होतात. इथे थंडी बाहेर आहे आणि आत सांभाळायची ती मी आहे. कागदाची जागा आत किंवा बाहेर अशी नसते, तो उबेच्या बाजूला लावायचा असतो. तुम्ही मला हे कधी समजावलं नाहीत, मी कधी विचारलं नाही. मी नुसतं बघितलं आणि बघितलेलं तसंच्या तसं सात समुद्र ओलांडून घेऊन आले.

मुलाकडे मी आणखी एक रविवार मागितला. त्याने शनिवारही दिला. ओला कापूस टाकला, दोन दिवस पंखा लावून फळ्या वाळवल्या, नवा कापूस आणि त्याच्यावर, आमच्या बाजूला, प्लास्टिक. सुनेने सांध्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, माझ्यापेक्षा सरळ. थॅंक्सगिव्हिंगच्या दिवशी मुलगा भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "राहू दे तुझी शेड." त्याला आता महिना झाला. पुस्तकं कोरडी आहेत. फुगलेलं पुस्तक वजनाखाली ठेवलं आहे, ते पुरतं सपाट होणार नाही, चालेल. ह्यांची खुर्ची हीटरपासून जरा लांब आहे, त्यांना उकडायचं.

आणि गेल्या मंगळवारी दार वाजलं. सून डबा घेऊन आली होती, म्हणाली, दोन मीटिंगांच्या मध्ये पंचवीस मिनिटं आहेत, घरात बसवत नाही. ती ह्यांच्या खुर्चीत बसून जेवली. मी वाचत होते ते वाचत राहिले, तुमच्या मशीनच्या वरताण काढायची त्याच आवाजात. वेळ झाली तशी ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळून म्हणाली, "पुढं काय झालं?" मी म्हटलं, उद्या ये. ती येते.

दाराजवळची एक फळी अजून ठोकलेली नाही. हे पत्र तिच्या मागे ठेवणार आहे, प्लास्टिकच्या अलीकडे, उबेत. पाठवायचं कुठे, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं. आधी एकदा मोठ्याने वाचीन.

एक राहिलं. त्या मे महिन्यात शीतखोलीचं दार उघडं राहून अकरा लाद्या पाण्यात गेल्या. मालक सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलला. कडी सैल झाली असावी असं म्हणून तुम्ही मान खाली घातलीत, आणि रविवारी दिवसभर बसून ती कडी घासून बसवलीत. मी शेजारी बसून तुम्हाला खिळे देत होते. लाद्या वितळल्या त्या दिवशी रद्दीत मला एका गोष्टीचा पुढचा भाग सापडला होता. गार लागावं म्हणून मी शीतखोलीच्या उंबऱ्यावर बसून, पाठीने दार उघडं धरून, तो शेवटपर्यंत वाचला. तुम्ही हाक मारलीत तशी उठून पळाले.

कडी चांगली होती, आबा.