कुंडीतलं गाजर

४ फेब्रुवारी
हे जाऊन महिना होत आला. खिडकीत ह्यांचे पेले तसेच आहेत – कांद्याची बुडखी, पुदिन्याच्या काड्या, आल्याचा तुकडा. आज पाण्याला वास मारत होता. बदललं. कांद्याला वीतभर पात आलीय. माणूस गेला आणि कांदा वाढतोय! निर्लज्ज.

७ फेब्रुवारी
नणंद आली होती. चहा हातात घेतला आणि बोललीच – "वहिनी, डॉक्टर म्हणाले दादाला किती महिने त्रास होत असणार. तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस, घरातलं माणूस दिसलं नाही?"

कप विसळला. कान तुटला. कपाचा.

८ फेब्रुवारी
दुकानात एका आजोबांना खालची ओळ वाचायला सांगत होते. मध्येच नणंदेचं वाक्य आठवलं. नंबर चुकीचा लिहिला. मालक बोलले. बोलू देत.

११ फेब्रुवारी
काय दिसायला हवं होतं मला? ह्यांना खोटं बोलताच येत नव्हतं. माझ्यासाठी काही आणलं तर दारातच हसू फुटायचं. असा माणूस छातीतली कळ लपवेल? लपवली! "अपचन आहे गं." मी ओवा दिला. ओवा!

मला सांगितलं असतं तर काय मी खाल्लं असतं?

१५ फेब्रुवारी
ड्रॉवर आवरला. भाजीच्या जुडीची निळी रबरं, मूठभर. एक टाकू दिलं नाही कधी. तसंच भाजीचं. मी देठं केराला काढली की हातातून घ्यायचे – "फेकू नकोस. यातून पुन्हा येतं."

गाजराचा तर केवढा थाट! मी कापून टाकलेलं डोकं बशीत, पाण्यात. पाला फुटला की गॅलरीतल्या कुंडीत. मग एक दिवस हाक – "ये, उपट!" मी उपटायची. चांगलं लांब गाजर निघायचं आणि ह्यांचा चेहरा बघण्यासारखा. "बघ, डोक्यापासून अख्खं गाजर!" मी सगळ्यांना सांगत सुटायची.

शेवटचं अजून कुंडीत आहे. हात लावत नाही.

१९ फेब्रुवारी
नणंदेचा फोन. रविवारी येते म्हणाली. वर – "दादाची झाडं तरी बघतेस ना नीट?"

तरी! त्या 'तरी'ने डोकं फिरलं. फोन ठेवला, पेले सिंकमध्ये उपडे केले, कांदे केरात. मग गॅलरीत गेले आणि गाजर उपटलं. एका हिसक्यात.

पाल्याच्या बुडाशी निळं रबर होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या जुडीला असतं तेच. ह्या वेळी काढायचं राहिलं. बोटं थरथरत असतील का तेव्हाच?

माती उकरली. खाली मी कापलेलं डोकं होतं. चार पांढऱ्या मुळ्या, बस. डोक्यातून पालाच येतो, गाजर येतच नाही! आणि इतकी वर्षं मी त्या एवढ्याशा उथळ कुंडीतून लांबच लांब गाजरं काढत होते.

२० फेब्रुवारी
खोटारडा. पक्का खोटारडा! मी हसावं म्हणून गाजरं पुरायचा आणि मी रडू नये म्हणून दुखणं. सांगितलं होतं मी, कशानेही हसवा, कसंही फसवा म्हणून?

केरातून कांदे परत काढले. धुतले. राग अजून आहे.

२१ फेब्रुवारी
म्हणजे माझे डोळे अधू नव्हते. त्याचे हात सफाईदार होते. हे नणंदेला सांगून पटणार नाही. दाखवावं लागेल.

कोपऱ्यावरून पाल्याची गाजरं आणली. एक पुरलं. माती सारखी केली. रबर आठवणीने काढलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
नणंद आली. म्हटलं, "तुझ्या दादाने लावलेलं आहे. उपट."

तिने उपटलं. पदराने माती पुसली, मग गाजर छातीशी धरून तिथेच खाली बसली. "वहिनी, दादाच्या हातचं गं..."

माझं वाक्य सकाळपासून तयार होतं – बघ, तुलाही कळलं नाही! ओठांपर्यंत आलं.

"घरी ने," मी म्हणाले. "पण डोकं फेकू नकोस. यातून पुन्हा येतं."